धारेच्या अलीकडे

आमच्या इंदुरात बर्फ म्हटले की डोळ्यांसमोर येते ती उसाच्या रसवाल्याकडची, गोणपाटात गुंडाळलेली लादी. आकाशातून बर्फ पडतो हे आम्ही भूगोलाच्या पुस्तकात वाचले. माघ-फाल्गुनात कधी गारा पडल्या की आमची आजी त्या वाटीत वेचून घरातल्या प्रत्येकाला एकेक देत असे, आणि आमचा हिमालय तेवढ्यावर संपत असे. अशा घरातला मनुष्य वयाच्या ५८ व्या वर्षी पाठीवर फावडे आणि पायांत स्की बांधून काश्मीरच्या डोंगरावर पहाटे पाच वाजता का उभा राहतो, असा प्रश्न वाचकांस पडणे साहजिक आहे. आमच्या कुटुंबासही तो पडला होता, आणि त्यांनी तो आमच्याहून अधिक स्पष्ट शब्दांत विचारला होता.

त्याचे उत्तर १९८८ सालात आहे. त्या वर्षीच्या फेब्रुवारीत, कॉलेजात नुकतीच तात्पुरती नोकरी लागली असताना, आम्ही गुलमर्गच्या सरकारी स्की-संस्थेचा १४ दिवसांचा अभ्यासक्रम केला. ही संस्था १९६८ सालची. त्यापूर्वी १९२७ मध्येच इंग्रजांनी तेथे स्की क्लब ऑफ इंडिया स्थापिला होता. चौदा दिवसांत आम्ही पडावयास उत्तम शिकलो आणि घसरावयास जेमतेम. परंतु रोज सकाळी मैदानावर उभे राहिले की समोर अफरवटची लांबच लांब पांढरी धार दिसे, आणि तिच्या मागे काय असेल याचा विचार करता करता आमचा तोल जाई. शेवटच्या दिवशी आमचे उस्ताद म्हणाले, पुढल्या वर्षी या, तिथवर घेऊन जाईन. पुढल्या वर्षी घरची परिस्थिती आड आली, आणि त्याच्या पुढल्या वर्षी काश्मीरची. नंतर नोकरी कायम झाली, लग्न झाले, मुलगी झाली, आईचे आजारपण झाले. उत्तरपत्रिकांचे गठ्ठे तपासताना मात्र ती धार मधूनच आठवे आणि एखाद्या विद्यार्थ्यास दोन गुण उगाच जास्त पडत.

आता ती मुलगी २७ वर्षांची आहे. बेंगळुरास नोकरी करते, आणि गेली सहा वर्षे सुट्टी मिळेल तेव्हा औलीला व गुलमर्गला जाऊन स्की शिकली आहे. आमच्याहून ती किती चांगली आहे याचा अंदाज आम्हांस नव्हता. तो पुढे येईल. २०२४ च्या आरंभी तिचा फोन आला, "बाबा, मार्चमध्ये जाऊ या. तुमच्या त्या धारेवर. पण गंडोल्याने नाही हं, पायी."

गंडोला म्हणजे तारेवरून जाणारा पाळणा. गुलमर्गला त्याचा पहिला टप्पा १९९८ मध्ये आणि दुसरा २००५ मध्ये सुरू झाला, आणि आता तो माणसाला थेट ३९०० मीटरांच्या वर नेऊन सोडतो. तिकीट काढावे, वर जावे, घसरत खाली यावे. पायी जाण्याची रीत त्याहून जुनी आहे. स्कीच्या तळाला एक पट्टा चिकटवतात. त्याला 'कातडे' म्हणतात, कारण पूर्वी तो खरोखर सीलच्या कातड्याचा असे. आज तो नायलॉनचा किंवा बोकडाच्या केसांचा असतो. केसांचा कल मागे असल्यामुळे स्की पुढे सरकते, मागे घसरत नाही. मांजराच्या पाठीवरून उलटा हात फिरवून पाहावा, म्हणजे सगळे यंत्र समजेल. चढताना बुटाची टाच मोकळी असते. वर पोचल्यावर कातडे सोलून घडी करून कोटात ठेवावयाचे, टाच अडकवावयाची आणि उतरावयाचे. सहा तास चढण आणि एक तास उतरण, असा हा व्यवहार. हिशेबी मनुष्यास तो परवडण्यासारखा नाही.

त्या वर्षी आणखी एक गोष्ट होती. २०२४ चा जानेवारी गुलमर्गला जवळजवळ कोराच गेला. चिल्लई कलान, म्हणजे २१ डिसेंबरपासूनचे चाळीस दिवसांचे कडक थंडीचे पर्व, संपत आले तरी मैदानावर पिवळे गवत दिसत होते आणि स्लेज ओढणारे रिकामे बसले होते. जानेवारीच्या अखेरीस आणि फेब्रुवारीच्या आरंभी थोडा बर्फ पडला. मग निरभ्र, कोरडी थंडी. आणि फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात एकाएकी मोठे हिमवर्षाव. त्यानंतर लगेच, २२ फेब्रुवारीला, खिलनमर्गच्या वरच्या बाजूस हिमस्खलन होऊन एक रशियन स्कीपटू दगावला. त्याच्या सोबत्यांना वाचवण्यात आले. आमच्या सौभाग्यवतींनी ती बातमी वर्तमानपत्रातून कापली आणि देवघराशेजारच्या कालनिर्णयाला टाचणीने लावून ठेवली. त्या बोलल्या काहीच नाहीत. बोलल्या असत्या तर बरे झाले असते.

मार्चच्या पहिल्या पंधरवड्यात आम्ही बापलेक गुलमर्गला पोचलो. तंगमर्गजवळच्या एका खेड्यातले, पन्नाशीचे एक गृहस्थ वाटाडे म्हणून ठरविले होते. लहानपणी तेथेच स्लेज ओढून ते स्की शिकलेले. रात्री बुखारीजवळ, म्हणजे लाकडाच्या शेगडीजवळ बसून नून चाय पिताना त्यांनी आणि कन्येने मिळून दुसऱ्या दिवसाचा बेत केला. भाषा हिंदी-उर्दूची होती, पण दोघांचे बोलणे आमच्या डोक्यावरून जात होते. कोणत्या बाजूस ऊन किती वाजता येते, वारा कोणत्या दिशेने होता, उतार किती अंशांचा. शेवटी कन्या आमच्याकडे वळून म्हणाली, "बाबा, दोन नियम आहेत. अकरा वाजता जिथे असू तिथून परत. आणि तिघांपैकी एकाने नाही म्हटलं की सगळ्यांचं नाही. बहुमत नाही, वाद नाही. कबूल?"

आम्ही कबूल म्हणालो. बुखारीपाशी पाय शेकत असताना मनुष्य काय वाटेल ते कबूल करतो.

पहाटे पाचला निघालो. निघताना वाटाड्यांनी तिघांच्या छातीवरची यंत्रे तपासली. पानपुड्याएवढे हे यंत्र ४५७ किलोहर्ट्झवर सारखा संदेश देत राहते. कोणी गाडला गेला तर इतरांनी आपले यंत्र शोधावर लावून त्याच्यापर्यंत पोचावयाचे, लांब सळईने टोचून पाहावयाचे आणि फावड्याने उकरावयाचे. बाहेरून मदत येईपर्यंत थांबण्याचा प्रश्नच नसतो. पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत बाहेर काढले तर गाडलेला बहुधा जगतो, त्यानंतर आशा भराभर उतरते. म्हणजे आमचा जीव आमच्या मुलीच्या फावड्यावर आणि तिचा आमच्या फावड्यावर. आदल्या संध्याकाळी तिने मैदानात एक यंत्र पुरून आमच्याकडून तीनदा शोधवून घेतले होते. पहिल्या वेळी आम्हांस अकरा मिनिटे लागली. ती काही म्हणाली नाही, फक्त पुन्हा पुरले.

या सदरात आम्ही स्वतःला 'आम्ही' म्हणतो, ही वडिलांच्या पिढीकडून आलेली सवय. त्या दिवसापुरता मात्र तो शब्द खरोखरीच तिघांचा होता.

जंगलातली वाट रात्री गोठून टणक झाली होती. आदल्या दिवशी लोक ज्यावरून चालले होते ते पावलांचे ठसे आता दगडासारखे, आणि त्यांवरून आमची कातडी करकरत निसटत होती. सरळ चढावे तर घसरावे, आडवे जावे तर धार लागत नाही. वळणावर एक पाय उचलून पूर्ण उलटा फिरवून ठेवावा लागतो, आणि त्या क्षणी मनुष्य मोडक्या होकायंत्रासारखा दोन दिशांना तोंड करून उभा असतो. वाटाडे शांतपणे पुढे. कन्या मध्ये. मागे आमचा श्वास.

खिलनमर्गच्या कुरणावर बाहेर पडलो तेव्हा उजाडले होते. उत्तरेकडे, खोऱ्यातल्या धुक्याच्या पलीकडे, नंगा पर्वत उभा होता. उंची ८१२६ मीटर. इतक्या दूरून तो काही भव्य वगैरे दिसत नाही. घडी घालून ठेवलेल्या धोतरासारखा, पांढरा आणि स्वच्छ दिसतो. मग त्याच्या टोकावर ऊन आले आणि आम्ही आणलेले थालीपीठ हातात तसेच राहिले. छत्तीस वर्षांत तो जागचा हलला नव्हता, एवढे आमच्या ध्यानात आले.

आमच्या भाषेत पावसाला किती शब्द आहेत! भुरभुर, रिमझिम, सर, झड, वळीव. बर्फाला मात्र बर्फ आणि हिम, की संपले. काश्मिरीत त्याला शीन म्हणतात. पण त्या एका सकाळी आमच्या स्कींखालून किती निरनिराळे पदार्थ गेले ते सांगावयाचे तर स्वयंपाकघरातच जावे लागेल. कुरणावर वाऱ्याने थापून बसविलेला बर्फ होता, वडी थापावी तसा, वर लाटांची नक्षी. त्याच्या पुढे उन्हाच्या अंगाला पापडी: वरून कडक, खाली भुसभुशीत, पाय ठेवला की आधी धरून ठेवते आणि मग दगा देते. आणि भूर्जांच्या रानात, जेथे ऊन शिरत नाही तेथे, चाळून ठेवलेले पीठ.

ही भूर्जाची झाडे म्हणजे त्या उतारावरची वृक्षांची शेवटची ओळ. ज्यांच्या सालींवर काश्मीरच्या पंडितांनी शतकानुशतके पोथ्या लिहिल्या, ती हीच. वाकडी, बुटकी, बर्फाच्या भाराने खाली झुकलेली. साल कागदासारखी सुटून वाऱ्यावर फडफडत होती. आम्ही तिला हात लावून पाहिला आणि पुढे निघालो. तेव्हा दहा वाजले होते. धार वर दिसत होती, इतकी जवळ की तिच्यावरून उडणारा हिमकणांचा पिसारा उन्हात चमकताना दिसावा. आणखी दोनशे मीटर उंची. मध्ये एक मोठी पांढरी वाटी, एकही झाड नसलेली.

झाडांची ओळ सुटून शंभर एक पावले झाली असतील, तोच पायांखाली आवाज आला. धप्प. वरच्या माळ्यावर कोणी जड ट्रंक ठेवावी तसा. फक्त माळा वर नव्हे, खाली होता. आणि कन्येच्या स्कीच्या टोकापासून एक बारीक भेग आडवी पळत गेली, दहा-बारा फूट, आणि थांबली.

आम्ही तिघेही थांबलो. वाटाड्यांनी हाताने खूण केली, आणि एकेक करून, अंतर ठेवून, आलो त्याच रेषेने आम्ही झाडांपाशी मागे आलो. मग कन्येने पाठीवरचे फावडे काढले आणि जेथे उतार तसाच पण आखूड होता अशा सुरक्षित जागी खड्डा खणावयास सुरुवात केली.

हा खड्डा आम्ही प्रथमच पाहिला, आणि खरे सांगावयाचे तर त्या सबंध दिवसात आम्हांस जे पाहावयास मिळाले त्यात तोच सर्वांत मोलाचा. बर्फाची भिंत उभी कापली की सबंध हिवाळा तीत लिहिलेला दिसतो. वर मार्चचा ताजा थर. त्याखाली फेब्रुवारीतला जाड, घट्ट थर, बोट जेमतेम रुतेल असा. आणि त्याच्या खाली, वीतभर, एक राखी पट्टा. कन्येने त्यातले थोडे हातमोज्यावर घेऊन आमच्यापुढे धरले. सुटे, कोरडे, टोकदार दाणे. मूठ मिटली तर गोळा होईना. थेट कोरडा साबुदाणा. जो थोडा बर्फ आधी पडला होता तो मधल्या निरभ्र थंडीत असा दाणेदार होऊन बसला होता. खाली जमिनीची ऊब, वर आकाशाची थंडी. त्या ओढाताणीत कणांचे एकमेकांना धरलेले हात सुटतात. साबुदाण्यावर जाड फळी ठेवावी आणि ताट तिरपे करावे, तशी त्या डोंगराची अवस्था होती. तीस ते पंचेचाळीस अंशांचे उतार यासाठी सर्वांत घातक; आमच्या पुढची वाटी, वाटाड्यांनी मापून सांगितले, सदतीस अंशांची.

मग तिने भिंतीपासून एक चौकोनी खांब सुटा कापला, त्यावर फावड्याचे पाते ठेवले आणि हाताने थापा मारू लागली. दहा मनगटाने, दहा कोपराने, दहा खांद्यातून, अशी ती परीक्षा. मनगटाच्या दहा झाल्या, काही नाही. कोपराची पहिली, दुसरी. तिसऱ्या थापेला, म्हणजे तेराव्या, वरचा सबंध ठोकळा त्या राखी पट्ट्यावरून पेटीचा खण सरकावा तसा सरळ बाहेर सरकून तिच्या मांडीवर आला.

"झालं," ती म्हणाली. "माझं नाही, बाबा."

आता येथे आम्हांस आमच्याविषयी जे लिहावयाचे आहे ते लिहिणे फारसे सुखाचे नाही. आम्ही गप्प बसावयास हवे होते. रात्री कबूल केले होते. परंतु तोंड उघडले ते असे: की तेरा म्हणजे काही तीन नव्हे, की तो खड्डा येथला, वाटी तिथली, की अकरा वाजावयास अजून पाऊण तास आहे, की वाटाड्यांचे मत काय ते तरी विचारावे. वाटाडे आपल्या हातमोज्यावरचा बर्फ झटकत होते. म्हणाले, "साहब, बिटिया ने कह दिया।" आणि थर्मास उघडला.

तरी आम्ही थांबलो नाही. आम्ही म्हणालो, "तुला काय, तू पुढच्या वर्षी येशील. आम्ही छत्तीस वर्षं थांबलोय."

ती बराच वेळ काही बोलली नाही. डोक्यावरची टोपी काढून तिने केस मागे सारले. लहानपणी गणित चुकले की करावयाची तसे. मग म्हणाली, "बाबा, ती बातमी आईनं कापून ठेवलीय ना, ती तुम्हाला दाखवायला नाही ठेवलेली. मला दाखवायला ठेवलीय. येताना तिनं मला स्वयंपाकघरात नेऊन एवढंच सांगितलं, की ते नाही म्हणणार नाहीत, तू म्हण."

यावर आमच्यापाशी उत्तर नव्हते. वरती धारेवरचा पिसारा तसाच उडत होता. आम्ही वाकून कातडी सोलावयास घेतली. गोंद थंडीने इतका घट्ट झाला होता की दुसरे कातडे निघेना. ते तिने ओढून काढले.

उतरणीची पहिली दहा मिनिटे मात्र आम्हांस कोणी दिलेली भेट होती. भूर्जांमधला तो उतार सौम्य होता, सावलीत होता, आणि वाटाड्यांच्या मते भरवशाचा. त्या पिठासारख्या बर्फात स्की बुडतात, गुडघ्यापर्यंत पांढरी फेसाळ लाट उठते, आणि आवाज म्हणून काही नसतो. आम्ही अकरा वळणे घेतली. मोजली. एकाही वळणावर पडलो नाही. मागे वळून पाहिले तर आमची रेघ लहान मुलाने काढलेल्या सापासारखी, आणि तिच्या शेजारी कन्येची, लयदार, सारख्या अंतराची. तिचा अंदाज नव्हता म्हणालो तो येथे आला.

बाराव्या वळणाला सावली संपली आणि पापडी सुरू झाली. डावी स्की वर राहिली, उजवी आत गेली आणि अडकली, आणि बाकीचे आम्ही पुढे गेलो. गुडघ्यात काही तरी कुरकुरले. तोंडात, कानात, चष्म्यामागे बर्फ. कन्या पन्नास फूट खाली होती. ती आडवी पावले टाकत वर आली, पाय दाबून पाहिला, हलवून पाहिला, आणि काही न विचारता आमची पिशवी आपल्या पाठीवर चढवली. एरवी आम्ही ती दिली नसती. त्या दिवशी दिली.

पुढे एक अरुंद घळ होती, जिचा तळ अजून उन्हाने सुटला नव्हता. बर्फ काचेसारखा. वाटाड्यांनी आमच्या गुडघ्याकडे पाहिले आणि सुचविले की स्की काढून, त्या हातात धरून, बसूनच उतरावे. आमच्या प्रतिष्ठेस हे कसेसेच वाटले. परंतु तेवढ्यात सर आर्थर कॉनन डॉईल आठवले. शेरलॉक होम्सला मारून टाकल्याला काहीच महिने झाले असताना, १८९४ च्या मार्चमध्ये, हे गृहस्थ दोघा स्थानिक भावांना बरोबर घेऊन स्वित्झर्लंडातल्या दावोसहून डोंगर ओलांडून आरोसाला स्कीने गेले होते. पत्नी क्षयाने आजारी म्हणून त्यांचा मुक्काम तेथे होता. त्या प्रवासात एका उतारावर ते असेच बसून घसरले, आणि नंतर स्ट्रँड मासिकात लिहिताना त्यांनी आपल्या शिंप्याची भरपूर थट्टा केली. कारण ते कापड कधी झिजत नाही अशी त्याने खात्री दिली होती. एवढ्या थोर माणसाचा दाखला हाताशी असल्यावर आम्ही खुशाल बसलो. आमच्या विजारीला शिंप्याने काही हमी दिली नव्हती, हे एक बरे.

घळीतून खिलनमर्गवर आलो आणि बर्फ पुन्हा बदलला. येथे शेतकऱ्याचाच शब्द वापरावा लागेल. पाऊस पडून गेल्यावर जमीन ना चिखल ना ढेकूळ, पेरणीला नेमकी योग्य होते, त्याला आपण वाफसा म्हणतो. वसंतातल्या बर्फालाही वाफसा येतो. रात्री गोठलेला पृष्ठभाग उन्हाने दोन बोटे सैल होतो, दाणे सुटे होतात, खाली अजून घट्ट असते. त्यावर स्की अशी वळते की आमच्यासारख्यालाही आपण शिकलेलो आहोत असे वाटावे. हा वाफसा तास-दोन तास टिकतो. आम्हांला तो दुखऱ्या गुडघ्याने, अर्ध्या वेगाने भोगावा लागला, तरी भोगला. जंगलात शिरलो तेव्हा मात्र त्याची लापशी झाली होती, आणि शेवटचा पाऊण तास स्की खांद्यावर टाकून, मांडीपर्यंत रुतत, वाटाड्यांच्या पावलांत पाऊल टाकत काढला. त्याविषयी सांगण्यासारखे काही नाही.

खाली चहाच्या टपरीवर बसलो असता कन्येने वर बोट दाखविले. आमच्या त्याच वाटीत, धारेच्या खालून, तीन ठिपके निघाले होते. कोणी तरी गंडोल्याने जाऊन धारेवरून उतरत होते. एक, मग दुसरा, मग तिसरा. लांब, मोठी, सुंदर वळणे. आम्ही पेला हातात धरून पाहत राहिलो. ते झाडांपाशी पोचले, थांबले, आणि त्यांपैकी एकाने काठ्या वर केल्या. काहीच झाले नाही. डोंगर हलला नाही.

आम्ही कन्येकडे पाहिले नाही. तिनेही आमच्याकडे पाहिले नाही. वाटाड्यांनी चहात रोट बुडवला आणि सांगितले, की त्यांच्या ओळखीचा एक जण एका उतारावर चार वर्षे रोज जात असे, आणि पाचव्या वर्षी एकदाच गेला. एवढे सांगून ते पैशांचा हिशेब करू लागले. याच खिलनमर्गच्या परिसरात ८ फेब्रुवारी २०१० रोजी लष्कराच्या प्रशिक्षण तुकडीवर कडा कोसळून १७ जवान गेले होते. ती चांगली शिकलेली, सावध माणसे होती. त्या तीन ठिपक्यांनी चूक केली की आम्ही उगाच भ्यालो, हे त्या उताराने आम्हांस सांगितले नाही. सांगेल अशी आमची अपेक्षा होती, असे आता वाटते. मनात कोठे तरी, लाज वाटते पण लिहितो, तो कोसळावा अशीही इच्छा होऊन गेली. रिकाम्याच उतारावर, कोणास न दुखवता, फक्त आमचे परतणे खरे ठरविण्यापुरता.

संध्याकाळी खोलीत कन्येने सहाही कातडी बुखारीवरच्या दोरीवर वाळत घातली. वाळवणे तिच्या आईसारखेच, कडा कडेला लावून. आम्ही गुडघ्यावर गरम पाण्याची पिशवी ठेवून बसलो होतो. तिने विचारले, "रागावलात का अजून?"

"हो," आम्ही म्हणालो. मग थोड्या वेळाने, "तुझ्यावर नाही."

"मग कुणावर?"

हे सांगणे जमले नाही, आणि तिने पुन्हा विचारले नाही. फोन लावला तो आम्हीच. इंदूरला आमच्या सौभाग्यवती सायंकाळची सांजवात करून बसल्या होत्या. घंटी पुरती एकदाही वाजली नसेल.

"पोचलात का वर?"

"नाही. दोनशे मीटर राहिलं."

पलीकडे क्षणभर काहीच नाही. मग नाक ओढल्याचा आवाज, आणि मग नेहमीच्या स्वरात, "मग दिवसभर केलंत काय?"

आम्ही खड्ड्याविषयी सांगितले. साबुदाण्याचे ऐकून त्यांनी सविस्तर विचारले, की दाणा केवढा, ओला की कोरडा. तेरा थापांचे सांगितले. विजारीचेही सांगितले. ते मात्र त्यांनी दुसऱ्या दिवशी शेजारच्या काकूंना सांगितले, असे आम्हांस मागाहून कळले.

आम्ही परत आलो तेव्हा कालनिर्णयाचे पान उलटलेले नव्हते, परंतु कात्रण तेथे नव्हते. टाचणी होती. गुडघा जिना उतरताना अजून दुखतो.